फॉस्फेटिंगची टाकी तापेना? नवा हीटर आणण्याआधी हे तपासून बघा

कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी असो, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव असो, नाहीतर गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालेलं पावडर कोटिंगचं छोटं युनिट असो, सकाळी कुलूप उघडल्यावर पहिला प्रश्न एकच असतो. टाकी तापली का? तापली नसेल तर पुढचं सगळं अडतं. जॉब लटकवून पोरं बसून राहतात, ओव्हन रिकामा जळतो आणि दुपारपर्यंत मालक वैतागून सांगतो, "जा, नवा हीटर घेऊन या." नवा हीटर बसतो, पैसे जातात आणि पुष्कळदा टाकी दुसऱ्या दिवशीही तशीच कोमट राहते. कारण बिघाड हीटरमध्ये नव्हताच.

खिडकीची ग्रील, लोखंडी कपाट, कडबा कुट्टीचं कव्हर, फवारणी पंपाची फ्रेम अशा लोखंडी वस्तूंना रंग लावण्याआधी त्या टाक्यांच्या रांगेतून जातात. आधी तेल-ग्रीस काढणारी डिग्रीझिंगची टाकी, मग गंज काढणारी आम्लाची, मध्ये मध्ये साध्या पाण्याच्या आणि नंतर फॉस्फेटिंगची. फॉस्फेटिंगमध्ये लोखंडावर राखाडी रंगाचा बारीक थर धरतो. रंग धरून ठेवतो तो हाच थर. टाकी थंड असेल तर थर पातळ आणि ठिगळाठिगळाचा येतो. त्या दिवशी डोळ्याला काही दिसत नाही, ओव्हनमधून माल चकचकीत बाहेर पडतो. पहिला पावसाळा झाला की ग्रीलच्या सांध्यातून रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि गिऱ्हाईक दारात उभं राहतं.

रसायनाच्या प्रकारानुसार तापमान बदलतं. गरम झिंक फॉस्फेटच्या बऱ्याच बाथना ६० ते ७० अंश सेल्सिअस लागतात, काही नवी रसायनं त्याहून बऱ्याच कमी तापमानावर चालतात. आपल्या ड्रमसोबत आलेल्या कागदावर जो आकडा असेल तोच खरा, शेजारच्या युनिटचा नव्हे. खाली हिशेबासाठी ६५ अंश धरले आहेत.

आधी खात्री करा: टाकी खरंच थंड आहे का?

पॅनेलवर दिसतो तो आकडा सेन्सर जिथं आहे तिथला. सेन्सर हीटरला चिकटून बसला असेल तर तो हीटरची आच मोजतो. कंट्रोलर म्हणतो ६५ झाले, हीटर बंद करतो आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला रसायन ५० वरच असतं. उलटही होतं. सेन्सरचं टोक तळाच्या गाळात रुतलं असेल तर तो कमी तापमान दाखवतो, हीटर चालूच राहतो आणि वरचं रसायन गरजेपेक्षा जास्त तापतं.

म्हणून वेगळा थर्मामीटर घ्या आणि टाकीत चार ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांना, वर आणि मध्यावर. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर टाकीत नको. फुटला तर पारा रसायनात जातो आणि तो काढणं महाकर्म. लांब दांडीचा डिजिटल घ्या. चार ठिकाणी पाच-सात अंशांचा फरक निघाला तर हीटर ठीक आहे, रसायन ढवळलं जात नाही एवढंच. फॉस्फेटच्या टाकीत मात्र जोरात ढवळू नका, तळाचा गाळ उठतो आणि जॉबवर पांढरी भुकटी बसते. वरच्या थरातून हळू फिरवणारा छोटा आम्लरोधक पंप पुरतो.

थर्मामीटरच खरा आहे का हे बघायला उकळतं पाणी हा सोपा उपाय. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे, त्यामुळे इथं साधं पाणी १०० ला नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटरने ९८ दाखवलं म्हणून तो बाद करू नका.

सेन्सर नुकताच बदलला असेल तर आणखी एक गोष्ट बघा. थर्मोकपल जे आणि के अशा दोन प्रकारांत सर्रास मिळतात, बाहेरून सारखेच दिसतात. कंट्रोलर 'के'वर सेट आणि सेन्सर 'जे'चा बसवला, तर ६५ अंशांच्या टाकीला कंट्रोलर ७५-७६ दाखवतो. म्हणजे पॅनेलवर ६५ दिसतात तेव्हा टाकी दहाएक अंश थंड असते. हीटर लवकर बंद होतो, टाकी कायम कमी राहते आणि शोधणारा हीटरच शोधत बसतो. थर्मोकपलच्या दोन तारा उलट जोडल्या तर त्याहून वाईट. टाकी तापेल तसा आकडा खाली येतो आणि हीटर कधी बंदच होत नाही.

किती वेळ लागायला हवा, याचा हिशेब

पुष्कळ ठिकाणी बिघाड नसतोच, अपेक्षा चुकीची असते. टाकी तापायला किती वेळ लागेल हे घरच्या हिशेबाने काढता येतं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटमधून ८६० किलोकॅलरी मिळतात. फॉस्फेटचं द्रावण बहुतांशी पाणीच असल्याने हाच हिशेब चालतो.

समजा टाकी दीड मीटर लांब, ८० सेंटीमीटर रुंद आणि आत १,००० लिटर रसायन आहे. सकाळी ते २५ अंशांवर आहे, न्यायचं ६५ वर, म्हणजे ४० अंश वाढ. १,००० गुणिले ४० म्हणजे ४०,००० किलोकॅलरी. भागिले ८६०, म्हणजे साडेसेहेचाळीस युनिट. टाकीत ४ किलोवॅटचे तीन हीटर असतील तर एकूण १२ किलोवॅट. काहीच उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी जवळजवळ चार तास लागतात. उघड्या टाकीतून जाणारी वाफ धरली तर साडेचार. डिसेंबरात पहाटे पाणी १८ अंशांवर असेल तर पाऊण तास आणखी. तेव्हा आठला हीटर लावून दहाला जॉब टाकायचा म्हणाल तर ते होणार नाही, हीटर कितीही नवा असला तरी.

हाच हिशेब बिघाड शोधायलाही उपयोगी पडतो. रोज साडेचार तासांत तापणारी टाकी अचानक सात-साडेसात तास घ्यायला लागली, तर तीनपैकी एक हीटर गेला असं बहुतेक वेळा समजावं. त्यासाठी पॅनेलजवळ एक वही लटकवा. हीटर किती वाजता लावला, तेव्हा तापमान किती होतं, ६५ कधी झालं, तीन आकडे रोज लिहायचे. महिनाभरात ही वही वायरमनपेक्षा जास्त सांगते.

व्होल्टेज: गावाकडची खरी अडचण

हीटरवर ४ किलोवॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. व्होल्टेज पडलं की उष्णता त्याच प्रमाणात कमी होत नाही, त्याहून बरीच जास्त कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. संध्याकाळी किंवा शेतीपंप सुरू झाल्यावर लाइनच्या शेवटी १८० व्होल्ट मिळत असतील तर १८० भागिले २३० म्हणजे ०.७८ आणि त्याचा वर्ग ०.६१. बारा किलोवॅटचे हीटर त्या वेळी सव्वासात किलोवॅटच देतात.

आता खर्चाची बाजू बघा. ६५ अंशांच्या उघड्या टाकीतून, झाकण नसेल तर, दर चौरस मीटरला ढोबळमानाने अडीच ते तीन किलोवॅट उष्णता वर निघून जाते. वरच्या टाकीचं तोंड १.२ चौरस मीटर, म्हणजे तीन-साडेतीन किलोवॅट. उघड्या लोखंडी बाजूंमधून आणखी एक-दीड. जॉब स्वतः उष्णता खातो ते वेगळंच. १०० किलो लोखंड ३० वरून ६५ अंशांवर जाताना साधारण अर्धं युनिट घेतं. दर दहा मिनिटांना एक लॉट टाकला तर तासाला तीन युनिट. बेरीज साडेसात-आठ किलोवॅट. हातात सव्वासात. टाकी पुन्हा वर येणार नाही, उलट दर लॉटला थोडी थोडी उतरत जाईल.

ही टाकी बिघडलेली नाही, उपाशी आहे. अशा वेळी हीटर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. व्होल्टेज कमी असेल त्या वेळात लॉटमधलं अंतर वाढवा, झाकण लावा आणि लाइनची लेखी तक्रार महावितरणकडे द्या. किती वाजता किती व्होल्ट होते, हे आकडे वहीतून उतरवून दिले की तक्रारीला वजन येतं.

फेज जाणं ही दुसरी अडचण. तीन हीटर स्टारमध्ये जोडलेले आणि न्यूट्रल जोडलेला नसेल, तर एक फेज गेल्यावर उरलेले दोन हीटर एकामागून एक जोडल्यासारखे होतात आणि एकूण उष्णता निम्म्यावर येते. न्यूट्रल असेल तर दोन तृतीयांश उरते. पॅनेलवरचा एखादा दिवा चालूच असतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. तिन्ही फेजचे तीन दिवे वेगवेगळे बसवा, खर्च किरकोळ आहे.

दुरुस्तीनंतर टाकी एकदम मंद झाली तर जोडणी विचारा. ४१५ व्होल्टचे डेल्टामध्ये चालणारे हीटर कुणी चुकून स्टारमध्ये जोडले तर उष्णता एक तृतीयांश होते. उलट, २३० व्होल्टचे हीटर डेल्टामध्ये जोडले तर त्यांना ४१५ मिळतात, ते तिप्पट ताकदीने तापतात आणि थोड्याच वेळात जळतात. "आणला तसाच गेला, माल डुप्लिकेट होता" अशी तक्रार होते तेव्हा निम्म्या वेळा हेच कारण असावं.

हीटर गेला की नाही, दोन मिनिटांत कळतं

इथून पुढचं काम परवानाधारक वायरमनचंच. ओल्या फरशीवर, आम्लाच्या टाकीशेजारी उभं राहून टर्मिनल उघडणं हे हेल्परचं काम नाही.

हीटर चालू असताना प्रत्येक तारेला टाँग टेस्टर लावून अँपिअर बघायचे. २३० व्होल्टला ४ किलोवॅटचा हीटर सतरा-साडेसतरा अँपिअर घेतो. शून्य दाखवलं तर त्या हीटरची कॉइल तुटली आहे, किंवा फ्यूज, कॉन्टॅक्टर किंवा टर्मिनल सुटलं आहे. साडेतेरा दाखवले तर घाई नको. त्याच वेळी व्होल्टेज मोजा. ते १८० निघालं तर साडेतेरा बरोबर आहे, हीटर निर्दोष. मेन स्विच पाडून, तारा सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजले तर अशा हीटरला १३ ओहमच्या आसपास यायला हवेत.

टर्मिनलच्या डब्यात वाफ शिरते हे विसरू नका. तारेचं टोक हिरवं-काळं पडलं, लग सैल झाला की तिथंच उष्णता होते, टाकीत पोचत नाही. तारेचं आवरण वितळलेलं दिसलं तर हीटर बदलण्याआधी लग बदला.

ईएलसीबी किंवा आरसीसीबी वारंवार पडत असेल तर हीटरमधून वीज रसायनात उतरते आहे असं समजा. हीटरच्या नळीला बारीक भोक पडलं असेल किंवा पावसाळ्यात महिनाभर युनिट बंद राहिल्याने आतल्या भुकटीने ओलावा धरला असेल. ५०० व्होल्टच्या मेगरने बॉडी आणि टर्मिनलमधला रोध तपासायचा. एक मेगाओहमपेक्षा कमी आला तर हीटर टाकीत ठेवायचा नाही. फक्त ओलावा असेल तर सील सोसेल एवढ्या मंद आचेवर वाळवून तो पुन्हा वर येतो, भोक असेल तर हीटर भंगारात.

काही ठिकाणी यावर एक भयंकर उपाय केला जातो: आरसीसीबी बायपास करायचा, म्हणजे काम थांबत नाही. रसायनाचं पाणी विजेला साध्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगली वाट देतं. जॉब काढायला वाकलेल्या पोराचा ओला हात लोखंडी हँगरवर असतो आणि पाय ओल्या फरशीवर. अशा युनिटमध्ये कामाला जाणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे विचारायला लाजू नये: टाकीला अर्थिंग आहे का, आणि आरसीसीबी चालू आहे का?

पांढरा थर आणि एक गैरसमज

फॉस्फेटिंगमध्ये गाळ होणारच, तो रसायनाचा स्वभाव आहे. लोखंड थोडं विरघळतं आणि फॉस्फेट होऊन तळाशी बसतं. शिवाय झिंक फॉस्फेटची एक उलटी खोड आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, झिंक फॉस्फेट मात्र जिथं जास्त गरम तिथंच बाहेर पडतं. टाकीत सगळ्यात गरम जागा म्हणजे हीटरची नळी. म्हणून तिच्यावर दगडासारखा पांढरा थर चढतो.

समज असा की थर चढला म्हणून हीटर कमी तापवतो. विजेच्या हीटरबाबत हे खरं नाही. त्याने वीज जेवढी ओढली तेवढी उष्णता रसायनात जाणारच, टाँग टेस्टर सतरा दाखवत असेल तर टाकीला ४ किलोवॅट मिळत आहेत. थराचा मार बसतो तो हीटरला. उष्णता बाहेर पडायला नळीला जास्त तापावं लागतं, जास्त तापली की आणखी थर बसतो आणि एक दिवस आतली कॉइल जळते. तेव्हा टाकी मंद असताना थर खरवडून फायदा नाही आणि टाकी ठीक असताना थर तसाच ठेवण्यात शहाणपण नाही. वाफेच्या किंवा गरम पाण्याच्या कॉइलचं मात्र वेगळं. तिथं थर चढला की उष्णता खरोखरच आत अडते आणि टाकी मंद होते. वाफेच्या लाइनवर स्टीम ट्रॅपनंतरचा पाइप गार लागला तर ट्रॅप तुंबला असण्याची शक्यता आधी बघावी.

थर काढताना छिन्नी-हातोडा नको. हीटर बंद करून, पूर्ण गार करून, बाहेर काढून, रसायन पुरवणाऱ्याने सांगितलेल्या द्रावणात भिजत ठेवायचा. शेजारच्या टाकीत हायड्रोक्लोरिक आम्ल आहे म्हणून स्टेनलेसचा हीटर त्यात बुडवू नका, नळीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. भिजत असताना हीटर चालू करणं तर मुळीच नाही.

नवा हीटर घेताना दुकानदाराला किलोवॅटच नाही, नळीची लांबीही विचारा. चार किलोवॅट आखूड नळीत कोंबले की पृष्ठभाग खूप तापतो. साध्या पाण्याला दर चौरस सेंटीमीटरला सहा-सात वॅट चालून जातात, फॉस्फेटला त्याच्या निम्म्याहून कमी हवेत. लांब नळीचा हीटर महाग पडतो, पण टिकतो. तो तळापासून दहा-पंधरा सेंटीमीटर वर राहील असा बसवा, नाहीतर गाळात गाडला जाऊन जळेल. टाकीखाली लाकूड किंवा गॅस पेटवून तापवणारी युनिट अजून आहेत. फॉस्फेटसाठी ही पद्धत सगळ्यात वाईट, तळाचा गाळ भाजून घट्ट बसतो, पत्रा वाकतो आणि उकळीने सगळा गाळ वर येतो.

रसायनाची पातळी आणि आग

६५ अंशांच्या वरच्या टाकीतून तासाला तीनेक लिटर पाणी वाफ होऊन जातं. आठ तासांच्या पाळीत पातळी दोन सेंटीमीटरने उतरते, जॉबवरून निथळून जातं ते वेगळं. तीन दिवस कुणी पाणी घातलं नाही तर हीटरचा तापणारा भाग वर उघडा पडतो. उघडा भाग लालभडक होतो. टाकी पॉलिप्रॉपिलीनची असेल तर ती पेट घेते. असल्या कारखान्यांतल्या आगींचं हे जगभर माहीत असलेलं कारण आहे, आणि आग लागते ती बहुधा रात्री, शेडमध्ये कुणी नसताना.

सकाळी टाकी तयार मिळावी म्हणून पहाटे चारला टायमर लावायची पद्धत सोयीची आहे, पण पातळी कमी झाल्यावर हीटर तोडणारा फ्लोट स्विच बसवल्याशिवाय ती वापरू नये. हीटरवर पातळीची खूण असते, रसायन तिच्यापेक्षा किमान पाच सेंटीमीटर वर ठेवा.

झाकणाचा विषय लोक हसण्यावारी नेतात. काम नसताना टाकीवर साधं झाकण टाकलं तर वरून जाणारी निम्म्याहून जास्त उष्णता वाचते, पाणीही वाचतं. बाजूंना दोन इंच ग्लासवूल आणि वर पत्रा लावला तर रात्रीतून तापमान कमी उतरतं. एक जादा हीटर घेण्यापेक्षा हे स्वस्त, आणि दर महिन्याच्या बिलात दिसतं.

टाकी थांबतच नाही, तापतच जाते

कंट्रोलरने बंद केलं तरी तापमान चढत असेल तर दोनच संशयित. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले आहेत, किंवा एसएसआर शॉर्ट झाला आहे. एसएसआर खराब होतो तेव्हा बहुधा चालू स्थितीतच अडकतो, हे लक्षात ठेवावं. म्हणून कंट्रोलरशी संबंध नसलेला दुसरा थर्मोस्टॅट आणि त्याचा स्वतंत्र कॉन्टॅक्टर हवा. पहिला फसला तर दुसरा तोडेल.

जास्त तापलेली फॉस्फेट टाकी दुधासारखी पांढरी होते. मोकळं आम्ल वाढतं, झिंक गाळात जातं आणि जॉबवर बोटाने पुसली जाणारी भुकटी येते. नायट्राइटचा टोनर वापरत असाल तर तोही लवकर संपतो आणि तांबूस-पिवळा धूर निघू शकतो. हा धूर विषारी आहे. टाकीवर वाकून बघू नका, दारं उघडा, माणसं बाहेर काढा, मेन बंद करा. श्वास अडकल्यासारखा वाटला, तर तासाभराने बरं वाटलं तरी दवाखान्यात जावं, कारण या धुराचा फुप्फुसांवरचा त्रास कधी कधी काही तासांनी दिसतो. रुग्णवाहिकेसाठी १०८.

प्रत्येक टाकीचा स्वभाव वेगळा

डिग्रीझिंगची टाकी थंड राहिली तर तेल निघत नाही आणि दोष फॉस्फेटिंगवर येतो. तपासणी फुकट आहे. डिग्रीझिंगनंतर पाण्यातून काढलेल्या पत्र्यावर पाणी अखंड पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन फुटलं तर तेल शिल्लक आहे. गंज काढायची हायड्रोक्लोरिक आम्लाची टाकी तापवायची नसते, वाफेने शेडमधला सगळा पत्रा आणि पॅनेल गंजतं. फॉस्फेटिंगच्या आधीची ॲक्टिव्हेशनची टाकीही साध्या तापमानालाच ठेवतात.

ब्लॅकनिंगचं काम करणाऱ्यांसाठी हिशेब पूर्ण निराळा. कॉस्टिकचा तो बाथ १४० अंशांच्या आसपास उकळत ठेवावा लागतो आणि तिथं तापमान हीटर ठरवत नाही, पाण्याचं प्रमाण ठरवतं. १३० ला उकळी आली तर पाणी जास्त आहे, हीटर वाढवून तापमान चढणार नाही, फक्त वाफ वाढेल. उकळी न येता पारा १५० कडे निघाला तर पाणी कमी पडलं आहे. अशा वेळी बादलीभर पाणी ओतलं तर ते क्षणात वाफ होऊन कॉस्टिक तोंडावर उडतं. पाणी लांब नळीने, कडेने, थेंबथेंब. कॉस्टिक घालायचं असेल तर बाथ आधी गार करून. चेहऱ्यावर पूर्ण शिल्ड असल्याशिवाय टाकीजवळ जायचं नाही. डोळ्यात उडालंच तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवायचं आणि मग दवाखाना. आधी दवाखाना शोधत बसलं तर डोळा जातो.

टाकी पुन्हा तापल्यावर लगेच माल टाकू नका

तापमान परत ६५ वर आलं म्हणजे बाथ जागेवर आला असं नाही. थंड किंवा अति गरम राहिलेल्या टाकीत आम्लाचं गणित बदललेलं असतं. १० मिली नमुना घेऊन मोकळ्या आणि एकूण आम्लाचे पॉइंट काढा, टोनर तपासा, कागदावरच्या मर्यादेत आणा. पॉइंट काढायचं सामान रसायनवाला देतो, शिकायला अर्धा तास पुरतो.

मग एक भंगार पत्र्याचा तुकडा सगळ्या टाक्यांतून फिरवा. वाळल्यावर तो एकसारखा राखाडी दिसला, बोट फिरवून भुकटी लागली नाही आणि पिवळट गंजाची झाक आली नाही, की गिऱ्हाइकाची ग्रील हँगरला लावायला हरकत नाही.